संयुक्त काळ आणि मधली भाषा : एका स्पॅनिश क्रियापदाच्या निमित्ताने

१

तौलनिक साहित्य आणि अनुवादमीमांसा या विषयांना मराठीच्या अभ्यासक्रमांत स्थान मिळाल्यापासून स्पॅनिश भाषेतील लेखकांची नावे वर्गात आणि शोधनिबंधांत वारंवार येऊ लागली. लोर्का, नेरूदा, बोर्हेस, हुआन रुल्फो, गार्सिया मार्केझ यांच्या प्रतिमासृष्टीविषयी, त्यांच्या मिथकांविषयी आणि त्यांच्या राजकीय भानाविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या क्रियापदांविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. याचे कारण उघड आहे. हे लेखक मराठी अभ्यासकापर्यंत बहुतांशी इंग्रजी भाषांतरांतून पोचतात. प्रतिमा भाषांतरातून काही प्रमाणात तरी पार होते, क्रियापदाचे रूप मात्र पार होत नाही. त्याच्या जागी दुसऱ्या भाषेचे रूप येते आणि तेच मूळ आहे, असे वाचक गृहीत धरतो.

या गृहीतामागे आणखी एक समजूत दडलेली असते. इंग्रजी ही स्पॅनिशची युरोपीय भगिनी; तेव्हा स्पॅनिशमधील सूक्ष्म भेद इंग्रजीत उतरणारच, आणि जे हरवायचे ते इंग्रजीतून मराठीत येताना हरवेल, अशी ती समजूत आहे. ती तपासून घेणे आवश्यक आहे. काही महत्त्वाचे व्याकरणिक भेद असे आहेत, की ते स्पॅनिशमध्ये आहेत, मराठीतही आहेत, आणि नेमके इंग्रजीत नाहीत. असे भेद मधल्या टप्प्यावर गळून पडतात आणि मराठी अनुवादकाला ते अंदाजाने पुन्हा निर्माण करावे लागतात. हे दाखविण्यासाठी एखादी संपूर्ण कादंबरी तपासण्याचे कारण नाही. एका नियमित क्रियापदाचा एक संयुक्त काळ त्यासाठी पुरेसा आहे.

२

'ग्वार्दार' हे स्पॅनिशमधील नियमित क्रियापद आहे. जपून ठेवणे, राखणे हा त्याचा अर्थ. 'आर' हा अंत्य प्रत्यय काढून 'आदो' हा प्रत्यय लावला, की त्याचे भूतकालवाचक धातुसाधित 'ग्वार्दादो' सिद्ध होते. ('एर' आणि 'इर' अंती असणाऱ्या नियमित क्रियापदांना 'इदो' लागतो.) या धातुसाधितापूर्वी 'आबेर' या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे ठेवली, की संयुक्त काळ तयार होतो. ती रूपे सहा आहेत : ए ग्वार्दादो, मी जपले आहे, आस ग्वार्दादो, तू जपले आहेस, आ ग्वार्दादो, त्याने, तिने अथवा आपण जपले आहे, एमोस ग्वार्दादो, आम्ही जपले आहे, आबेइस ग्वार्दादो, तुम्ही जपले आहे, आन ग्वार्दादो, त्यांनी जपले आहे. सहायकाचा काळ बदलला, की दुसरे संयुक्त काळ मिळतात. 'आबिआ ग्वार्दादो' म्हणजे जपले होते, 'आब्रा ग्वार्दादो' म्हणजे जपले असेल.

कोष्टक म्हणून यात कठीण असे काहीच नाही. विद्यार्थी ते एका तासात पाठ करतो आणि पुढे जातो. पण मराठीच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. या सहाही रूपांत बदलते ते केवळ सहायक क्रियापद. धातुसाधित एकदा जे पुल्लिंगी एकवचनी रूप धारण करते, ते कधीही सोडत नाही. जपलेली वस्तू पत्र असो वा पत्रे, जपणारा पुरुष असो वा स्त्री, 'ग्वार्दादो' तसेच राहते. मराठीत नेमके उलटे घडते. 'मी ग्रंथ जपला आहे', 'मी वही जपली आहे', 'मी पत्रे जपली आहेत' या वाक्यांत धातुसाधित आणि सहायक दोन्हीही कर्माच्या अधीन आहेत. कर्त्याची खूण क्रियापदावर उमटते ती केवळ 'तू पत्रे जपली आहेस' अशा रूपात, आणि ते रूप आपल्या व्याकरणाने कर्तृ-कर्म संकर म्हणून वेगळे नोंदवून ठेवले आहे.

तथापि मराठीला गोठलेल्या धातुसाधिताची कल्पना अपरिचित नाही. 'आईने मुलींना सांभाळले आहे' या भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याकडेही पाहत नाही आणि कर्माकडेही. ते नपुंसकलिंगी एकवचनी रूपात स्थिर राहते. म्हणजे मराठी परिभाषेतच बोलायचे झाले, तर स्पॅनिश संयुक्त काळात धातुसाधित भावे आहे आणि सहायक कर्तरी आहे. इंग्रजी व्याकरणाच्या आधारे ही गोष्ट समजावून सांगता येत नाही, कारण इंग्रजी धातुसाधिताला लिंगवचनाचा विकारच नाही. ज्याला विकार नाही त्याच्या गोठण्याची जाणीव कशी होणार? ती जाणीव प्रयोगविचार शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला सहज होऊ शकते.

३

हे धातुसाधित नेहमीच गोठलेले नव्हते, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी. 'आबेर' हे क्रियापद लॅटिनमधील 'हाबेरे' या क्रियापदापासून आले असून त्याचा मूळ अर्थ जवळ असणे, बाळगणे असा होता. 'माझ्याजवळ जपलेली पत्रे आहेत' अशा स्वरूपाची ती रचना होती, आणि तीत 'जपलेली' हे पत्रांचे विशेषण असल्यामुळे त्यांच्याशी त्याचा मेळ असणे स्वाभाविक होते. मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये असा मेळ आढळतो. गतिवाचक अकर्मक क्रियापदांसोबत 'आबेर' न येता असण्याचा वाचक असलेला 'सेर' हा सहायक येत असे, आणि तेथे धातुसाधित कर्त्याशी जुळत असे. कालांतराने 'आबेर'ने सर्वच क्रियापदे व्यापली आणि मेळ नाहीसा झाला. आन्तोनियो दे नेब्रिखा याने १४९२ मध्ये कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा हे अविकारी रूप त्याला इतके वेगळे वाटले, की त्याने त्याला शब्दांची एक स्वतंत्र जात मानले. फ्रेंच आणि इटालियन या भगिनीभाषांनी मेळाचे आणि दुसऱ्या सहायकाचे काही अवशेष राखले. स्पॅनिशने या रचनेपुरते ते सोडून दिले.

ताबा दाखविण्याचे काम पुढे 'तेनेर' या क्रियापदाकडे गेले, आणि त्याच्यासोबत मात्र धातुसाधिताचा मेळ आजही टिकून आहे. 'ए ग्वार्दादो लास कार्तास' म्हणजे मी पत्रे जपली आहेत. 'तेन्गो ग्वार्दादास लास कार्तास' म्हणजे पत्रे माझ्यापाशी जपून ठेवलेली आहेत. पहिल्या वाक्याचा भर कृतीवर आहे, दुसऱ्याचा कृतीतून उरलेल्या स्थितीवर. 'जपली आहेत' आणि 'जपलेली आहेत' यांतील भेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला त्याविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही.

मराठीचा मार्ग निराळा आहे. संस्कृतातील 'मया पत्राणि रक्षितानि' या प्रकारच्या रचनेतून, म्हणजे तृतीयान्त कर्ता आणि कर्माशी जुळणारे कृदन्त यांतून, मराठीचा सकर्मक भूतकाळ घडला. दोन्ही भाषांनी झालेल्या क्रियेसाठी धातुसाधिताचा आधार घेतला, पण एकीने कर्त्याला धनी केले, तर दुसरीने त्याला करण ठरविले. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५२ मध्ये लॅटिनमधील ही स्वामित्वदर्शक रचना आणि प्राचीन इराणी भाषेतील कर्त्याची षष्ठी असलेली रचना यांची तुलना करून, वरवर कर्मणी दिसणाऱ्या इराणी रचनेचा गाभाही स्वामित्वाचाच असल्याचे प्रतिपादन केले होते. ते मत जसेच्या तसे मराठीला लावता येणार नाही. परंतु मराठीच्या कर्मणी प्रयोगाची चर्चा रोमान्स भाषांच्या संयुक्त काळाच्या शेजारी ठेवून करता येते, एवढे त्यावरून निश्चित होते. अशी चर्चा मराठी विभागांत व्हावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

४

आता मधल्या भाषेकडे वळता येईल. वर दिलेल्या सहा रूपांतून मराठी अनुवादकाला उपयोगी पडणारी आणि इंग्रजीत नाहीशी होणारी माहिती तीन प्रकारची आहे.

पहिली संबोधनाची. 'आस ग्वार्दादो' हे रूप 'तू'ला उद्देशून आहे. 'आ ग्वार्दादो' हे तृतीयपुरुषी रूप आदरार्थी 'उस्तेद' या सर्वनामासोबतही येते. स्पेनमध्ये अनेकांना जिव्हाळ्याने संबोधताना 'आबेइस' आणि आदराने संबोधताना 'आन' असा भेद राखला जातो. इंग्रजीत या चारही रूपांना एकच पर्याय आहे. मराठी अनुवादकाला मात्र 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतून निवड केल्यावाचून वाक्य लिहिताच येत नाही. मुलगा वडिलांशी कोणत्या सर्वनामाने बोलतो, पतिपत्नी एकमेकांना काय म्हणतात, शेतमजूर मालकाला 'तू' म्हणू लागतो तो क्षण कोणता, या गोष्टी मूळ संहितेत क्रियापदावर कोरलेल्या असतात. इंग्रजीवरून काम करणारा अनुवादक त्या आपल्या कौटुंबिक संस्कारांवरून भरून काढतो, आणि मग समीक्षक त्या अनुवादातील नातेसंबंधांवर लिहितात. ते लेखन मूळ कादंबरीविषयी आहे, की अनुवादकाच्या अंदाजाविषयी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

दुसरी माहिती लिंगाची. 'ए येगादो' म्हणजे मी पोचलो आहे अथवा पोचले आहे. स्पॅनिशमध्ये बोलणारा पुरुष की स्त्री हे या रूपावरून कळत नाही. मराठीत अकर्मक क्रियापद आले, की लिंग उघड करावे लागते. येथे स्पॅनिश आणि इंग्रजी सारख्याच मूक आहेत असे वाटेल. परंतु 'आबेर'सोबत गोठणारे धातुसाधित 'एस्तार' या स्थितिवाचक क्रियापदासोबत विकारी असते. 'मे ए कान्सादो', म्हणजे मी थकलो वा थकले आहे, हे वाक्य पुरुषाचेही असेल आणि स्त्रीचेही; पण पुढच्याच ओळीत 'एस्तोय् कान्सादा' असे आले, तर बोलणारी स्त्री आहे हे निश्चित होते. इंग्रजीत या दोन्ही वाक्यांतून लिंगाची खूण पुसली जाते. मराठीला हवी असलेली आणि मुळात असलेली माहिती केवळ वाटेत हरवते. याउलट एखादा कवी बोलणाऱ्याचे लिंग हेतुतः झाकून ठेवीत असेल, तर तो हेतूही मूळ रूपे पाहिल्यावाचून ओळखता येत नाही. अशा वेळी मराठीतही उपाय आहे : 'मी वाट संपवली आहे' या सकर्मक वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग प्रकट होत नाही. 'मी पोचलो' टाळून सकर्मक रचनेकडे वळणे ही अनुवादकाची कसोटी ठरेल. पण त्यासाठी काय झाकावयाचे आहे, हे त्याला आधी ठाऊक असले पाहिजे.

तिसरी माहिती काळाची. इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ नेमक्या भूतकालवाचक क्रियाविशेषणाला थारा देत नाही. 'आठ वाजता' असे म्हटले, की इंग्रजीला साध्या भूतकाळाकडे जावे लागते. स्पेनमधील बहुतांश भागात मात्र 'ओय् ए येगादो आ लास ओचो', आज मी आठ वाजता आलो आहे, हे वाक्य पूर्णतः स्वाभाविक आहे. आजचा दिवस अद्याप संपलेला नाही, म्हणून आजच्या घटना संयुक्त काळात आणि कालच्या घटना साध्या भूतकाळात, असा तेथील सर्वसाधारण व्यवहार आहे. 'मी आठ वाजता आलो' आणि 'मी आठ वाजता आलो आहे' ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत आणि त्यांचा अर्थ एक नाही. दुसऱ्या वाक्यातील येणे संभाषणाच्या क्षणी अजून हजर असते. स्पॅनिशचा हा भेद मराठीत नेता येतो. इंग्रजीत मात्र तो टिकत नाही.

याचे अधिक गंभीर उदाहरण स्पॅनिश व्याकरणकार देतात. वडिलांच्या मृत्यूला तीन वर्षे झाली असूनही स्पेनमधील माणूस ती गोष्ट संयुक्त काळात सांगू शकतो. ('मोरिर' या क्रियापदाचे धातुसाधित अनियमित आहे, रचना तीच.) घटना जुनी आहे, पण सांगणाऱ्याच्या दृष्टीने ती भूतकाळात जमा झालेली नाही. इंग्रजीत येथे साधा भूतकाळ अनिवार्य आहे, आणि इंग्रजीवरून अनुवाद करणारा 'वडील तीन वर्षांपूर्वी वारले' असे लिहून मोकळा होतो. वाक्य अचूक आहे, पण त्यातील दुःख फाइलबंद झालेले आहे. मूळ रूप पाहणाऱ्या अनुवादकाला 'वडील जाऊन तीन वर्षे झाली' हे घराघरांत बोलले जाणारे मराठी वाक्य आठवेल. ते वाक्य मृत्यूला आजपर्यंत मोजीत आणते, आणि मूळ संयुक्त काळाचा हेतूही तोच आहे.

५

एवढ्यावरून प्रत्येक संयुक्त रूपापुढे 'आहे' लावले, की काम झाले, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. स्पॅनिश ही एका देशाची भाषा नाही. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनाच्या मोठ्या भागात आज सकाळची घटनाही साध्या भूतकाळात सांगितली जाते. मेक्सिकोत संयुक्त काळ प्रामुख्याने आजवर चालत आलेल्या गोष्टींसाठी राखलेला असतो. तेथील संयुक्त रूपाला मराठीत पुष्कळदा 'राहत आलो आहे', 'सांगत आलो आहे' ही रचना अधिक जवळची ठरेल. आन्दीज पर्वतप्रदेशात, केचुआ आणि आयमारा भाषांच्या सान्निध्यात, 'आबिआ' असलेल्या रूपाला स्वतः न पाहिलेल्या अथवा उशिरा उमगलेल्या गोष्टीचा अर्थ प्राप्त झाला आहे. गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकाने अधिकच सावध राहावयास हवे, कारण पोर्तुगीजमध्ये 'तेर' या सहायकाने घडणारा हाच काळ एकदा झालेली क्रिया न दाखविता पुनःपुन्हा होत आलेली क्रिया दाखवितो. रूप सारखे, व्याप्ती वेगळी. संबोधनाच्या बाबतीतही लॅटिन अमेरिकेत 'आबेइस' हे रूप व्यवहारात नसल्याने 'आन' जवळच्यांसाठीही येते. तेथे अनुवादकाला संदर्भच पाहावा लागतो. 'एमोस'मधून 'आम्ही' की 'आपण' हे तर कोणत्याच प्रदेशात कळत नाही, आणि त्याचा दोष इंग्रजीला देता येत नाही.

या प्रादेशिक भेदाचे भान स्पॅनिश जगाला व्याकरणाच्या पातळीवर फार पूर्वी आले. काराकास येथे जन्मलेल्या आणि चिलीत कार्य केलेल्या आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये अमेरिकेतील लोकांच्या उपयोगासाठी म्हणून कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि या काळाला परंपरागत नावाऐवजी 'वर्तमानपूर्व' अशा अर्थाचे नाव दिले. लॅटिनच्या साच्यातून मिळालेली नावे बाजूस ठेवून रूपाच्या कार्यावरून नाव द्यावे, हा त्यामागील विचार होता. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये आले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये. एवढी परंपरा असूनही शाळांतून 'साधा, अपूर्ण, पूर्ण' ही कोष्टके इंग्रजी काळांना समांतर ठेवूनच शिकविली जातात. परिणामी 'जपली', 'जपली आहेत', 'जपलेली आहेत', 'जपून ठेवली आहेत' आणि 'जपून झाली आहेत' या पाच रचनांमधील अंतर मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही शब्दांत मांडता येत नाही. स्पॅनिशचे कोष्टक समोर ठेवल्यास आपल्याच भाषेकडे इंग्रजीच्या आधारावाचून पाहण्याची संधी त्याला मिळेल.

६

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की मराठीच्या विद्यार्थ्यावर आधीच पुष्कळ भार आहे. त्याने आता स्पॅनिशही शिकावी काय? अपेक्षा तेवढी नाही. एखाद्या भाषेतील साहित्य अभ्यासक्रमात असेल, तर त्या भाषेची क्रियापदव्यवस्था दोन-तीन तासिकांत विद्यार्थ्यासमोर मांडावी, एवढेच म्हणणे आहे. पुण्यात आणि दिल्लीत स्पॅनिशचे अध्यापन विद्यापीठीय पातळीवर होते; तेथील अध्यापकांची व्याख्याने योजणे अशक्य नाही. दुसरा आक्षेप असा, की इंग्रजीतून झालेल्या अनुवादांनी मराठी वाङ्मयाला बरेच दिले आहे आणि अशा चिकित्सेने त्या परिश्रमांचे मोल कमी होते. हा आक्षेप ज्या कृतज्ञतेतून येतो ती योग्यच आहे. पण अनुवादकाचे ऋण मानणे आणि त्याच्या साधनांची मर्यादा सांगणे यांत विरोध नाही. वाचकाला अनुवाद कोणत्या भाषेवरून केला आहे हे सांगावे, आणि संशोधकाने आपला निष्कर्ष ज्या रूपावर आधारला आहे ते रूप मूळ संहितेत पडताळून पाहावे, या दोन किमान अटी आहेत. कथनकाळ, निवेदकाचे लिंग, पात्रांची परस्पर-संबोधने यांवर उभारलेला कोणताही प्रबंध या पडताळणीवाचून स्वीकारला जाऊ नये.

अशी पडताळणी करण्यासाठी भाषेवर प्रभुत्व लागत नाही. मूळ पुस्तक, एक शब्दकोश आणि वर दिलेली सहा रूपे एवढ्या सामग्रीवर अभ्यासकाला क्रियापद कोणाला उद्देशून आहे आणि साधे आहे की संयुक्त आहे, हे ओळखता येते. शंका राहिली तर जाणकाराला विचारता येते. पण शंका येण्यासाठी आधी ती जागा दिसावी लागते. ज्या मराठी विद्यार्थ्याला 'मी पत्रे जपली आहेत' या वाक्यात क्रियापद कोणाच्या अधीन आहे हे सांगता येते, त्याला 'ए ग्वार्दादो लास कार्तास' या वाक्यातील जागा दिसणे अवघड नाही. त्याला ती आजवर दाखविली गेली नाही, ही उणीव विभागांची आहे, आणि पुढील अभ्यासक्रम आखताना ती दूर करता येण्यासारखी आहे.